वाचक विचारतात : आयर्लंडने समलिंगी विवाहाला कौल कसा दिला?

देशभर थेट मतदान घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता देणारा पहिला देश म्हणजे आयर्लंड. ते सार्वमत २२ मे २०१५ रोजी झाले. त्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

लग्नाचे कायदे संसद करते. मग आयर्लंडने यासाठी सगळ्या देशाला मतदानाला का उभे केले? (सावंतवाडी)

याचे कारण त्यांच्या राज्यघटनेत आहे. १९३७ च्या घटनेतले कलम ४१ कुटुंबाविषयी आहे आणि विवाहसंस्थेचे विशेष काळजीने रक्षण करण्याची हमी राज्याने त्यात दिली आहे. विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असे तिथे कुठेही लिहिलेले नव्हते. पण कॅथरीन झापोन आणि अ‍ॅन लुईझ गिलिगन यांच्या खटल्यात हाच मुद्दा निर्णायक ठरला. दोघींनी २००३ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला लग्न केले होते आणि कर आकारताना आपल्याला विवाहित जोडपे धरावे, अशी त्यांची मागणी होती. डिसेंबर २००६ मध्ये हायकोर्टाने ती फेटाळली. घटनेला अभिप्रेत असलेला विवाह स्त्री-पुरुषांचाच आहे, असा अर्थ कोर्टाने लावला.

त्यानंतर नुसता कायदा करणे जोखमीचे झाले. समजा संसदेने कायदा केला, हजारभर जोडप्यांनी लग्ने केली आणि पुढे कोर्टाने कायदाच घटनाबाह्य ठरवला, तर त्या जोडप्यांचे काय? तिथे घटना बदलायची तर विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावे लागते आणि मग ते जनतेपुढे ठेवावेच लागते. दुसरा रस्ता नाही.

मधल्या काळात २०१० च्या कायद्याने समलिंगी जोडप्यांना सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे नोंदणीकृत सहजीवन मिळाले होते. ‘एवढे आहे की, मग लग्न कशाला?’ असे काहींनी विचारले आहे. त्या नोंदणीत आणि विवाहात कायद्याच्या दृष्टीने शंभराहून अधिक फरक होते. सगळ्यांत मोठा फरक असा की घटनेचे संरक्षण फक्त विवाहावर उभ्या असलेल्या कुटुंबाला होते.

मतपत्रिकेवर नेमके काय छापले होते? किती टक्के मतदान झाले तर निकाल ग्राह्य, अशी अट होती का? (नाशिक)

‘समलिंगी विवाह हवा का?’ असा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. खाली नमूद केलेल्या विधेयकातला घटनादुरुस्तीचा प्रस्ताव तुम्हाला मंजूर आहे का, एवढेच विचारले होते. खाली चौतिसाव्या घटनादुरुस्ती विधेयकाचे नाव आणि ‘हो’ व ‘नाही’ असे दोन चौकोन. मजकूर आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. आपल्याकडे पूर्वी असायचा तसा शिक्का तिथे नसतो, पेन्सिलीने फुली मारायची असते. जो मजकूर घटनेत जाणार होता तो एका वाक्याचा होता : कोणत्याही दोन व्यक्तींना, त्यांच्या लिंगाचा भेद न करता, कायद्यानुसार विवाह करता येईल.

मतदान सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत चालले. काही बेटांवर ते एक दिवस आधीच उरकले. त्याच दिवशी दुसरी मतपत्रिकाही हातात पडत होती : राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे किमान वय ३५ वरून २१ करावे का? तो प्रस्ताव लोकांनी ७३ टक्के मतांनी फेटाळला. दोन्ही मतपत्रिका एकाच मतदाराच्या हातात होत्या. सरसकट ‘हो’ म्हणत सुटलेले हे मतदान नव्हते, हे त्यावरून कळते.

किमान टक्केवारीची अट नव्हती. पडलेल्या वैध मतांत निम्म्याहून एक जास्त, एवढे पुरते. ही अट कुठे असते आणि कुठे नसते, यावर फार काही ठरते. रोमानियात ऑक्टोबर २०१८ मध्ये समलिंगी विवाहाची वाट घटनेतच बंद करण्यासाठी सार्वमत झाले. तिथे ३० टक्क्यांची अट होती आणि मतदान झाले २१ टक्के. घरी बसणे हेच विरोधकांचे मत ठरले. आयर्लंडमध्ये घरी बसलेल्याचे मत कुणाच्याच पारड्यात पडत नाही.

आकडे असे : ‘हो’ १२,०१,६०७ (६२.०७ टक्के), ‘नाही’ ७,३४,३०० (३७.९३ टक्के), बाद १३,८१८. मतदान ६०.५२ टक्के. ४३ मतदारसंघांपैकी फक्त रॉसकॉमन-साउथ लीट्रिम ‘नाही’कडे गेला. डोनेगल साउथ-वेस्टमध्ये मात्र ‘हो’ची आघाडी होती अवघ्या ३३ मतांची.

मोजणीची तिथली पद्धत पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता मतपेट्या उघडतात. कर्मचारी टेबलावर मतपत्रिका उलगडून सरळ करत असतात, तेव्हा कठड्यापलीकडे दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते कागद-पेन्सिल घेऊन वाकून उभे असतात आणि दिसेल त्या फुलीची रेघ ओढत जातात. कुठल्या पेटीत कोणत्या गल्लीची मते आहेत हे त्यांना ठाऊक असते. त्यामुळे अधिकृत मोजणी सुरू होण्याआधीच अंदाज पक्का होतो. २३ मे रोजी अधिकृत निकाल जाहीर झाला संध्याकाळी, डब्लिन कॅसलमध्ये; पण विरोधी बाजूच्या प्रमुखांपैकी डेव्हिड क्विन यांनी सकाळीच पराभव मान्य केला होता.

मतदानासाठी तरुण मुले लंडनहून, अमेरिकेहून परत आली असे वाचले. टपालाने मत पाठवायची सोय नव्हती? (पुणे)

सर्वसाधारण स्थलांतरितांना ती सोय नाही. टपाली मत परदेशातले राजनैतिक अधिकारी, सैनिक अशा मोजक्या वर्गांनाच मिळते. देश सोडून १८ महिन्यांपेक्षा कमी काळ झाला असेल आणि परतण्याचा इरादा असेल, तर यादीत नाव राहते. पण मत द्यायला स्वतःच्याच केंद्रावर यावे लागते. म्हणून विमानतळावर आणि वेल्समधल्या हॉलीहेड बंदरातून सुटणाऱ्या बोटींवर ती गर्दी दिसली. २००८ च्या मंदीनंतर कामासाठी बाहेर पडलेली पिढी त्यात मोठ्या संख्येने होती.

आणखी एक बारकावा. आयर्लंडमध्ये राहणारा ब्रिटिश नागरिक संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, सार्वमतात नाही. तिथे फक्त आयरिश नागरिक. डब्लिनच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनाही अर्थातच मत नव्हते.

ऐन वेळी नाव नोंदवण्यासाठी तेव्हा पुरवणी यादी असे. त्या वेळी तिच्यात ६५ हजारांहून अधिक नावे आली.

घटस्फोटालाही इतकी वर्षे नाही म्हणणारा कॅथलिक देश. बासष्ट टक्के आले कुठून? (कोल्हापूर)

एका प्रचारमोहिमेतून एवढे येत नाही. घटस्फोटाचे पहिले सार्वमत १९८६ मध्ये हरले. १९९५ मध्ये ते जिंकले, पण फक्त ९,११४ मतांनी. समलिंगी संबंध गुन्हा मानणारा कायदा १९९३ पर्यंत होता. सिनेटर डेव्हिड नॉरिस यांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातून १९८८ मध्ये निकाल मिळवला, तेव्हा कुठे पाच वर्षांनी तो गेला. आणि २००९ मध्ये चर्चच्या संस्थांतील बालशोषणावरचे दोन मोठे चौकशी अहवाल आले. घराघरातल्या नैतिकतेवर बोलण्याचा चर्चचा अधिकार त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. बिशपांनी ‘नाही’चे आवाहन केले, तरी दर रविवारी चर्चमध्ये मासला (सामूहिक प्रार्थनेला) जाणाऱ्या अनेकांनी ‘हो’ म्हटले.

सरकारने प्रश्न थेट लोकांपुढे टाकला नाही. आधी शंभर जणांचे घटना अधिवेशन भरवले. त्यात ६६ सामान्य नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष होते. नागरिक निवडले होते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे वय, प्रदेश, स्त्री-पुरुष यांचे प्रमाण राखून पण ओळखीपाळखीने नव्हे. त्यांनी तज्ज्ञांना, दोन्ही बाजूंच्या संघटनांना आणि समलिंगी पालकांच्या मोठ्या झालेल्या मुलांना ऐकले. एप्रिल २०१३ मध्ये ७९ टक्क्यांनी घटनादुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. आमच्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत मोलाचा टप्पा होता. आपल्यासारख्याच माणसांनी ऐकून, विचारून हे ठरवले आहे, हे लोकांना दोन वर्षे आधी कळले होते.

प्रचाराचे नियमही कडक आहेत. १९९५ च्या मॅककेना निकालामुळे सरकारला जनतेचा पैसा एका बाजूसाठी वापरता येत नाही. प्रस्तावाचा अर्थ समजावून सांगण्याचे काम तेव्हा स्वतंत्र सार्वमत आयोगाकडे असे. त्या वेळी न्यायमूर्ती केव्हिन क्रॉस त्याचे अध्यक्ष होते. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी २ पासून आकाशवाणी-दूरचित्रवाणीवर प्रचार बंद होता.

‘हो’च्या बाजूला ‘येस इक्वालिटी’ ही तीन संस्थांनी मिळून उभारलेली मोहीम होती. दारोदार फिरताना कार्यकर्ते हक्क, समता असे मोठे शब्द बाजूला ठेवून स्वतःविषयी किंवा घरातल्या कुणाविषयी दोन मिनिटे बोलत. ‘मी हो म्हणणार आहे, का ते विचारा’ अशा अर्थाचे बिल्ले लोक बसमध्ये, कामावर लावून फिरले. विचारणारा स्वतःहून विचारतो, त्यामुळे वादाला तोंड फुटत नाही. ट्रिनिटी कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेने मुलांना आजीला फोन करायला सांगितले. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी आपल्या समलिंगी मुलाची आई म्हणून जाहीरपणे भूमिका घेतली. फाइन गेल, लेबर, फिएना फॉल, शिन फेन हे सगळे मोठे पक्ष ‘हो’च्या बाजूने होते, पण मोहिमेचा चेहरा पुढाऱ्यांचा होऊ दिला नाही.

विरोधी बाजूचा भर मुलांवर होता : मुलाला आई आणि वडील दोन्ही हवेत, आणि पुढे सरोगसीचे काय. हा मुद्दा लोकांच्या मनात खोल जातो, त्याला हसून उडवता येत नाही. दोन गोष्टींनी त्याची धार कमी झाली. दत्तक आणि पालकत्वाचा वेगळा कायदा संसदेने मतदानाच्या जेमतेम दीड महिना आधी, एप्रिल २०१५ मध्येच केला होता. म्हणजे मतपेटीतून तो विषय आधीच बाहेर काढला होता. आणि सरोगसीचे नियमन या दुरुस्तीवर अवलंबून नाही, असे खुद्द क्रॉस यांनी स्पष्ट केले.

आमच्या तालुक्यातल्या वराडच्या वराडकरांचा यात वाटा किती? (मालवण)

आहे, पण जिंकून दिले ते त्यांनी असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लिओ वराडकर यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ घर वराड. लिओ त्या वेळी आरोग्यमंत्री होते. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी रेडिओवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. पुढच्या काही महिन्यांत या विषयावरचे निर्णय आपल्यापुढे येणार आहेत, तेव्हा लोकांना हे माहीत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. पदावर असताना हे उघडपणे सांगणारे ते तिथले पहिले मंत्री. बोलण्यात ना आव होता ना अपराधीपणा, आणि त्यामुळे चर्चा चार महिने आधीच स्वयंपाकघरापर्यंत पोचली. जून २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कुटुंबासह वराडला येऊन गेले.

मे महिन्यात निकाल लागला, मग पहिले लग्न नोव्हेंबरात का? (ठाणे)

निकालाला आव्हान देणारे अर्ज कोर्टात आले होते. ते निकाली निघाल्यावर २९ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी दुरुस्तीवर सही केली. घटना बदलली तरी नोंदणीचे अर्ज, शपथेचे शब्द, ‘पती-पत्नी’ असा उल्लेख असलेले नियम बदलायला वेगळा विवाह कायदा लागला. तो १६ नोव्हेंबरला अमलात आला आणि दुसऱ्याच दिवशी क्लॉनमेल येथे पहिले लग्न लागले. एरवी निबंधकाला तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. पण ज्यांनी सिव्हिल पार्टनरशिपसाठी आधीच सूचना दिली होती, त्यांना तीच विवाहासाठी वापरता आली. परदेशात आधी झालेल्या लग्नांना त्याच १६ तारखेपासून मान्यता मिळाली.

याच देशाने २०२४ मध्ये कुटुंबाविषयीचा प्रस्ताव सपाटून पाडला. लोक बदलले का? (सोलापूर)

लोक तेच होते, कलमही तेच ४१. बिघडले ते शब्दांत आणि तयारीत. ८ मार्च २०२४ रोजी दोन दुरुस्त्या मतदानाला आल्या. पहिलीत कुटुंबाचा पाया विवाह ‘किंवा इतर टिकाऊ नाती’ असा वाढवायचा होता. टिकाऊ म्हणजे किती वर्षांचे? वारसाहक्कात, करात, व्हिसात कोण कोण येणार? दारावर आलेल्या कार्यकर्त्याला याचे एका वाक्यात उत्तर देता येत नव्हते. शेवटी ते कोर्ट ठरवेल, हे निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनाही सांगावे लागले. दुसऱ्या दुरुस्तीत स्त्रीच्या घरातील कर्तव्यांचा जुना उल्लेख काढून घरच्या घरी होणाऱ्या सेवा-शुश्रूषेला राज्य पाठबळ देण्याचा ‘प्रयत्न करील’ असे घालायचे होते. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांना ते पोकळ वाटले. २०१३ च्या घटना अधिवेशनासारख्याच, सामान्य नागरिकांच्या सभेने आधी सुचवलेली भाषा याहून ठोस होती. सरकारने ती पातळ केली आणि घाईही केली. पहिली ६७.७ टक्के, तर दुसरी ७३.९ टक्के मतांनी पडली.

२०१५ चे वाक्य पुन्हा वाचून पाहा. त्यात व्याख्या न केलेला एकही नवा शब्द नाही. सार्वमतात ज्याला शंका येते तो ‘नाही’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटल्याने आजची स्थिती तशीच राहते.

ऑस्ट्रेलियातही असेच मतदान झाले ना? (मेलबर्न येथील वाचक)

ते सार्वमत नव्हते. २०१७ मध्ये तिथल्या सांख्यिकी विभागाने टपालाने ऐच्छिक पाहणी केली. संसदेवर ती बंधनकारक नव्हती. सप्टेंबरात घरोघरी पाकिटे गेली. आत एकच प्रश्न, दोन चौकोन आणि प्रत्येक कागदावर वेगळा बारकोड. ७ नोव्हेंबरपर्यंत कागद परत पोचायला हवा होता. मोजणी यंत्रावर होणार असल्याने पाकिटात चमकी किंवा दुसरे काही घालू नका, असे सांगावे लागले होते. ७९.५ टक्के लोकांनी उत्तर पाठवले, त्यांतले ६१.६ टक्के ‘हो’. १५० पैकी १७ मतदारसंघांत ‘नाही’ला बहुमत मिळाले आणि त्यांतले १२ पश्चिम सिडनीच्या पट्ट्यातले होते.

पण यातले काहीच करण्याची गरज नव्हती. विवाहाचा कायदा करण्याचा अधिकार तिथल्या घटनेने संसदेला दिलेला आहे आणि समलिंगी विवाहही त्यात येतो, हे हायकोर्टाने डिसेंबर २०१३ मध्येच सांगितले होते. आयर्लंडला सार्वमत टाळता येत नव्हते; ऑस्ट्रेलियाने सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून ही पाहणी ओढवून घेतली. आपल्या घरच्या माणसाचे लग्न योग्य की अयोग्य यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दोन महिने जाहीर चर्चा करावी, हा त्रास त्या कुटुंबांनी विनाकारण सोसला. थोड्यांचे हक्क बहुतांच्या मतावर सोडू नयेत, आणि घटनेने दुसरी वाटच ठेवली नसेल तरच ते करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतात असे मतदान घेता येईल का? गोव्यात तर झाले होते. (मडगाव)

गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा वेगळ्या जातीचा. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, हा प्रदेशाचा प्रश्न होता आणि त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी दोन पाने जिंकली. नागरिकांचे हक्क ठरवण्यासाठी सार्वमत घेण्याची तरतूद भारतीय घटनेत नाही. घटनादुरुस्ती कलम ३६८ नुसार संसदच करते.

विवाहाचा प्रश्न आपल्याकडे कोर्टात गेला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असे एकमताने म्हटले. सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याच्या मुद्द्यावर मात्र ते तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. आता चेंडू संसदेकडे आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ साध्या बहुमताने बदलता येतो. त्यासाठी घटनेला हातही लावावा लागत नाही.

मुलाने डब्लिनमध्ये आपल्या जोडीदाराशी लग्न केले आहे. दोघे निवृत्तीनंतर इकडे येऊ म्हणतात. इथे त्या लग्नाचा उपयोग काय? (डोंबिवली)

विवाह म्हणून आज काहीच नाही. तिथले विवाह प्रमाणपत्र जपून ठेवावे, पण वारसाहक्कासाठी इथे त्यावर विसंबू नये. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मालमत्ता रक्ताच्या नातेवाइकांकडे जाईल, जोडीदाराला काही मिळणार नाही. म्हणून दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी उपनिबंधकाकडे जरूर करून घ्यावी. पुढे नातेवाइकांनी वाद काढला तर तिचा उपयोग होतो.

बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशनात घालायला अडचण नाही. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. शाखेत कुणी अडवले तर त्या पत्रकाचा हवाला द्यावा. मात्र नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक होत नाही. खात्याचा उल्लेख मृत्युपत्रातही हवाच.

मुखत्यारपत्रावर लोक फार भरवसा ठेवतात. मुखत्यारपत्र देणारा माणूस शुद्धीवर किंवा भानावर राहिला नाही की आपल्या कायद्यात ते निरुपयोगी होते, म्हणजे नेमके गरज असते तेव्हाच. त्यामुळे आजारपणात कुणाशी बोलावे, कुणाला भेटू द्यावे, हे आधीच लिहून, सही करून नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि आई-वडील म्हणून तुमच्याकडेही एकेक प्रत ठेवावी. दवाखान्यात ‘तुम्ही कोण?’ असे जोडीदाराला विचारले गेले, तर ‘हा आमच्या घरचाच’ असे सांगणारे तुम्ही असलात की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

आयुर्विम्याचे वेगळे आहे. विमा कायद्यात २०१५ पासून आई-वडील, पती-पत्नी आणि मुले एवढ्यांनाच पैशाचे खरे हक्कदार नामनिर्देशित धरले जाते. जोडीदाराचे नाव घालता आले तरी तो फक्त रक्कम स्वीकारणारा ठरेल आणि कायदेशीर वारस ती मागू शकतील. प्रत्येक पॉलिसीचा क्रमांक मृत्युपत्रात लिहून ती रक्कम कुणाची, हे तिथेच नोंदवावे.